आधी माग बंद कर

आमचे आप्पा आयुष्यभर पुठ्ठ्याला भोकं पाडत होते. बाहेरच्या माणसाला हे वाक्य विचित्र वाटेल, पण सोलापुरात पूर्व भागातल्या कुठल्याही जुन्या माणसाला सांगा, तो लगेच ओळखेल. चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढायचं, मग त्या चौकटी बघत बघत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना शिवायच्या आणि ती माळ मागावरच्या जकार्ड यंत्रावर चढवायची. भोक असलं की सुई आत शिरते आणि धागा वर उचलला जातो, भोक नसलं की धागा खालीच राहतो, एवढाच हिशोब, आणि एवढ्या हिशोबावर मोर निघतो, कमळ निघतं. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमाराला हे यंत्र केलं आणि पुढं कॉम्प्युटरची पंचकार्डं याच कल्पनेवरनं आली, हे मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला कळलं, तेव्हा मी सायकल हाणत घरी आलो आणि आप्पांना सांगितलं. ते ऐकून घेतले, चष्मा वर केले आणि म्हणाले, "मग त्यात पण एक भोक चुकलं तर सगळा माल वाया जात असंल की रे."

सगळा माल. कारण चुकीचं भोक एका चादरीत राहत नाही, त्या माळेवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत येतं. म्हणून त्यांचा एक नियम होता, डिझाइनमध्ये काही वेडंवाकडं दिसलं की आधी माग बंद कर, मग मालकाला सांग, मग भोक शोध. मधली पायरी, म्हणजे मालकाला सांगायची, ती पुष्कळ लोक गाळायचे. चूक आपली असली तर जास्तच.

मी गेली वीसेक वर्षं नेटवर्कची कामं करतोय. सुरुवात नवी पेठेतल्या एका नेट कॅफेत झाली, तिथं रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हमधनं आलेल्या न्यू फोल्डर डॉट ईएक्सईला झाडून काढायचं काम माझ्याकडं होतं. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतले काही टॉवेलचे कारखाने, दोन दवाखाने, एक पतसंस्था असं बघतो. केबल ओढण्यापासनं फायरवॉल, म्हणजे नेटच्या दारावरचा राखणदार, लावण्यापर्यंत सगळं. आणि ज्या गोष्टीबद्दल मला कधीतरी लिहायचंच होतं ती २०१९ च्या एप्रिलमधली आहे.

सोमवारी सकाळी नऊला एका कारखान्याच्या मालकांचा फोन. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, वय सत्तरीच्या पुढं, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी. "अरे टॅली उघडंना. काय होऊलालंय काय की, सगळ्या फायलींची नावं बदललीत." टॅली म्हणजे कारखान्याचा सगळा हिशोब ज्यात असतो ते सॉफ्टवेअर. मला पोटात गोळा आला. म्हणलं, "अण्णा, आधी मागची निळी वायर काढा. सगळ्या कॉम्प्युटरच्या. मी येऊलालोय." पंधरा मिनिटांत पोचलो. प्रत्येक फायलीच्या नावाला एक लांब शेपूट लागलेलं, डेस्कटॉपवर एक चिठ्ठी, त्यात ईमेलचा पत्ता आणि फायलींचं कुलूप काढून पाहिजे तर म्हणून बिटकॉइनची मागणी. बॅकअप होता, पण तो ज्या हार्ड डिस्कवर होता ती डिस्क दिवसरात्र त्याच मशीनला लावलेली, त्यामुळं तिच्यावरच्या फायलींनाही तेच शेपूट.

चोर आला कुठनं ते शोधायला मला अर्धा तास पण लागला नाही, कारण दार मीच उघडलं होतं. अण्णांना घरी बसून टॅली बघायचं होतं, दिवाळीची गडबड होती, मी राउटरमधनं रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबनं कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा, ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे दार, सरळ बाहेर उघडा करून दिला, पासवर्ड त्यांच्या नातवाचं नाव आणि एक-दोन-तीन. मनात म्हणलं, नंतर येऊन व्हीपीएन, म्हणजे फक्त आपल्यापुरती बंद वाट, टाकून देऊ. ते नंतर आलंच नाही. जगभर असे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात, कुणाचा ३३८९ उघडा आहे ते एकेक पत्ता ठोठावून बघतात आणि उघडा सापडला की पासवर्ड लावत बसतात, त्यांना अण्णा कोण, सोलापूर कुठं, टॉवेल काय, काही माहीत नसतं. मला वाटायचं आमच्यासारख्या गावात कोण येतंय. येणाऱ्याला गाव दिसत नाही, उघडं दार दिसतं.

त्या दिवशी मी अण्णांना खरं सांगितलं की दार मी उघडं ठेवलं होतं. सांगताना हात गार पडले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पैसे द्यायचे नाहीत त्यांना." दिले नाहीत. दिवाणजींच्या कपाटात डिसेंबरअखेरची एक जुनी डिस्क निघाली, तिथनं पुढचे साडेतीन महिने आम्ही कागदी बिलं, चलनं आणि जीएसटीच्या पोर्टलवर भरलेली रिटर्न समोर ठेवून परत टाइप केले, एकोणीस दिवस, मी आणि दिवाणजी, रोज रात्री अकरापर्यंत, ४२ डिग्रीच्या उन्हाळ्यात. मी त्याचे पैसे घेतले नाहीत, घ्यायचा प्रश्नच नव्हता.

पण त्या सोमवारी अण्णा अजून एक वाक्य बोलले होते. "बाहेर कुणाला बोलू नको." व्यापाऱ्याची पत असते, मला ते पटलं, खरं सांगायचं तर मला ते सोयीचं पण होतं, कारण चूक माझी होती. दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका कारखान्यात तसंच झालं, तसाच उघडा पोर्ट, तशीच चिठ्ठी. तिथलं काम माझ्याकडं नव्हतं, पण तिथला पोरगा माझ्या ओळखीचा, मी त्याला एप्रिलमध्ये नुसता एक फोन केला असता तर पाच मिनिटांत पोर्ट बंद झाला असता. ही गोष्ट मला अजून टोचते. चोरी झाली यापेक्षा जास्त टोचते.

नंतर मी वानाक्रायबद्दल, म्हणजे असंच फायलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या व्हायरसबद्दल, परत नीट वाचलं. १२ मे २०१७ ला ते पसरलं, दीडशेच्या वर देशांत, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांची ऑपरेशनं रद्द झाली, लाखो मशीन अडकली. ज्या भोकातनं ते शिरलं ते विंडोजमधलं होतं, आणि ते भोक अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याला आधीपासून माहीत होतं. त्यांनी ते बराच काळ विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टला सांगितलं नाही, स्वतःच्या हेरगिरीसाठी वापरायला जपून ठेवलं, त्यातनं शिरायचं हत्यार केलं आणि त्याला इटर्नलब्लू असं नाव पण दिलं. मग त्यांची हत्यारं चोरीला गेली, मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं भोक बुजवायचं ठिगळ दिलं, एप्रिलमध्ये ते हत्यार इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडं पडलं आणि मे महिन्यात चोरांनी वापरलं. जूनमध्ये तेच भोक वापरून नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलवर कंटेनर अडकले. म्हणजे जगातली सगळ्यात मोठी हेरखाती काय आणि अक्कलकोट रोडवरचा मी काय, दोघांनी एकच केलं होतं, भोक माहीत असून गप्प बसलो होतो. त्यांचं कारण देशाची सुरक्षा, माझं कारण लाज.

म्हणून कुणी म्हणालं ना, की व्हॉट्सॲपच्या कुलपाला एक जादा किल्ली सरकारकडं पाहिजे, फक्त गुन्हेगार पकडायला, तर मला हेच आठवतं. २०२१ च्या आयटी नियमांत मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या अशी अट आली, व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलं आणि २०२४ ला तिथं सांगितलं की कूटबंधन, म्हणजे मेसेजचं कुलूप, मोडायला लावलं तर आम्ही भारतातनं जाऊ. मी कुठल्या कंपनीचा भक्त नाही. पण किल्लीचं काम माझं रोजचं आहे, आणि जादा किल्ली कुणाच्याच कपाटात सुरक्षित राहिलेली मी बघितलेली नाही.

बॅकअपचं मात्र अण्णांना एका मिनिटात पटलं, आणि ते पाण्यामुळं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, कधी जास्त पण, त्यामुळं आमच्याकडं बॅरल, टाकी, हौद, हंडे सगळं भरून ठेवायची सवय लहानपणापासून. मी म्हणलं, अण्णा, तुमची हार्ड डिस्क म्हणजे नळाला जोडलेली टाकी झाली, नळाला घाण पाणी आलं की टाकी पण नासली. एक हंडा नळापासनं लांब, झाकून ठेवलेला पाहिजे. ते लगेच म्हणाले, "आणि एक शेजारच्या घरी." तेव्हापासनं तीन प्रती ठेवतो, एक मशीनवर, एक क्लाउडवर, आणि एक डिस्क शनिवारी संध्याकाळी वायर काढून अण्णांच्या घरच्या कपाटात. दर महिन्याला एका रविवारी त्यातली एक फाइल उघडून बघतो, कारण भरलेल्या हंड्यात खरंच पाणी आहे का ते पण बघावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूचं सांगतो, कारण माझ्या हातात नुसतं कुलूप नसतं, तोंड बंद करायचं बटण पण असतं. फायरवॉल लावली की मालक पहिली मागणी करतात, पोरं दिवसभर व्हिडिओ बघतात, ते बंद कर. मी करतो. डीएनएस म्हणजे साइटचं नाव घेऊन तिचा नंबर सांगणारी डिरेक्टरी, त्या डिरेक्टरीत खाडाखोड केली की झालं, पोरगं नाव टाइप करतं, डिरेक्टरी म्हणते असं कुणी राहत नाही. एका कारखान्यात असं करून आलो आणि दहा दिवसांनी कळलं की तिथला डिझाइन काढणारा पोरगा रोज संध्याकाळी घरी जाऊन मोबाइलवर काम करतोय, कारण ज्या साइटवरनं तो नमुने बघायचा ती माझ्या यादीतल्या कुठल्यातरी कॅटेगरीत गेली होती. त्याला वाटलं नेट स्लो आहे. कुणी सांगितलंच नव्हतं की बंद केलंय, मग तो तक्रार कशाची करणार? तेव्हापासनं मी एक अट घालतो, जे बंद केलंय त्याची यादी ऑफिसच्या भिंतीवर लावायची, खाली मालकाची सही, आणि माझा नंबर. काही मालकांना आवडत नाही. दोन कामं त्यामुळं गेली पण. जाऊ दे.

देशाच्या फायरवॉलला अशी भिंत नाही. २०२२ ला मी एका दवाखान्यात सीसीटीव्हीचं फुटेज बघायला व्हीएलसी हे व्हिडिओचं सॉफ्टवेअर उतरवत होतो, साइट उघडंना. केबल बदलली, राउटर परत चालू केला, अर्धा तास गेला, मग मोबाइलच्या दुसऱ्या नेटवर बघितलं, कुठं उघडते कुठं नाही, आणि लक्षात आलं की हे कुणीतरी बंद केलंय. कुणी, का, काही पाटी नाही. त्या वर्षी काही महिने ती साइट भारतात बंद होती, नोव्हेंबरमध्ये परत चालू झाली. त्याच्याआधी डिसेंबर २०१४ ला एका झटक्यात ३२ साइट बंद झाल्या त्यात गिटहब होतं, जिथं जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, आणि ऑगस्ट २०१७ ला एका कोर्टाच्या आदेशानं इंटरनेट अर्काइव्ह बंद झालं होतं, सिनेमांच्या चोरीच्या केसमध्ये. आयटी कायद्याच्या ६९ए कलमाखाली साइट बंद करायचे जे आदेश निघतात ते गुप्त ठेवायचे असं २००९ च्या नियमांतच लिहिलंय. त्या पोराला जसं नेट स्लो वाटलं तसं आपल्याला पण वाटतं, आपली केबल खराब असंल. आणि गंमत नाही, हे भीतीदायक आहे, कारण ज्याला बंद झालेलंच कळत नाही तो माणूस विचारायला जात नाही.

आता कुणी म्हणेल सगळं उघडंच ठेवायचं का? नाही. मी त्या बाजूनं पण विचार करतो, आणि करायलाच पाहिजे, कारण आम्ही सोलापूर जिल्ह्यातले आहोत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना लोकांनी मारून टाकलं, ते भिक्षा मागून खाणारे गोसावी समाजाचे होते, बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवांनी माणसं मेली. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच जणांपुरतं आणलं. मला ते बरोबर वाटलं, अजून वाटतं. तो ब्रेक होता, सगळ्यांना सारखा, सगळ्यांना दिसणारा.

नेट बंद करणं मात्र वेगळं. जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरनं दंगल झाली आणि नेट बंद केलं. माझी बहीण तिथं दिलेली आहे, भाचीला ताप होता, मेडिकलवाल्याकडं यूपीआय चालंना, घरात रोख दोनशे रुपये. ती फोनवर म्हणाली, "अफवा बंद झाल्या नाहीत रे दादा, फक्त खरं काय ते बघायची सोय बंद झाली." एका मागावर डिझाइन चुकलं म्हणून अख्ख्या गिरणीची वीज कुणी तोडत नाही, आप्पांनी असं कधी केलं नसतं. सुप्रीम कोर्टानं १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या केसमध्ये सांगितलंय की नेट बंदीचा आदेश छापून जाहीर करावा लागेल आणि बेमुदत बंदी चालणार नाही. जाहीर करावा लागेल, हा शब्द माझ्यासाठी त्यातला सगळ्यात मोठा आहे.

सोलापूरच्या माणसाला १९३० म्हणलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. मे महिन्यात गांधीजींना पकडल्यावर गाव उठलं, गोळीबार झाला, दोन-तीन दिवस इंग्रजांचा अंमलच उरला नाही, मग मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी घातली तरी शिक्षा. 'कर्मयोगी' पत्राच्या संपादकांना तुरुंगात घातलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी दिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरनं आम्ही रोज जातो, लहानपणी आप्पा तिथं सायकलवरनं उतरून हात जोडायचे.

आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर जो नंबर लावायचा तो पण १९३०. सरकारनं आकडा असाच ठरवला असंल, पण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकलो होतो.

तो लावायची वेळ नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. आमच्या गल्लीत एक काकू राहतात, रिटायर्ड शिक्षिका, एकट्या, मुलगा-सून पुण्याला. सुनेचा मला दुपारी फोन, काकू सकाळपासून फोन उचलत नाहीत, जरा बघता का. दार आतनं बंद. बराच वेळ हाका मारल्यावर काकूंनी फटीतनं हातानं खूण केली, जा, बोलू नका. आत टेबलावर मोबाइल उभा केलेला, स्क्रीनवर खाकी कपड्यातला माणूस, मागं अशोकस्तंभ. तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरनं हलायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर मुलाला पण उचलू. सहा तास काकू पाणी प्यायला पण उठल्या नव्हत्या. मी आत गेलो आणि मोबाइल बंद केला, दुसरं काही सुचलंच नाही, काकू किंचाळल्या, "अरे ते पोलीस आहेत!"

डिजिटल अटक असं काही आपल्या कायद्यात नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, हे त्याच्या महिनाभर आधी पंतप्रधान रेडिओवर पण बोलले होते. काकूंनी ते ऐकलं होतं. ऐकलेलं असून काही उपयोग होत नाही, कारण ती माणसं पहिलं काम तुमचं बोलणं बंद करायचं करतात. शेजारणीला एक वाक्य बोलल्या असत्या तरी तिनं तिथंच हाणून पाडलं असतं. एक लाख ऐंशी हजार गेले होते, शेवटचा हप्ता चाळीस मिनिटांपूर्वी. १९३० लावला, व्यवहाराचे नंबर सांगितले, ज्या खात्यात पैसे गेले तिथनं पुढं कुठं गेले ते बँका एकमेकींना कळवत जातात आणि जिथं सापडतील तिथं अडकवतात, म्हणून वेळ महत्त्वाचा. बासष्ट हजार अडकले. बाकीचे तोपर्यंत पुढच्या पुढच्या खात्यांतनं निघून गेले होते.

त्यानंतर काकू महिनाभर बाहेर पडल्या नाहीत. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं आणि मला इतकं कळू नये, असं म्हणायच्या. मुलगा म्हणाला, कुणाला सांगू नका, लोक नावं ठेवतील. मी तेव्हा त्यांना माझी गोष्ट सांगितली, अण्णांची, ३३८९ ची, आणि त्या दुसऱ्या कारखान्याची, जिथं मी फोन केला नाही. आप्पांचा नियम पण सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला आत गेल्या.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा, काकूंच्या घरी हळदीकुंकू होतं. माझी बायको गेली होती, तिनं घरी येऊन सांगितलं. सगळ्या बायका आल्यावर काकू उभ्या राहिल्या, वर्गात उभ्या राहतात तशा, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, तो माणूस काय म्हणाला, त्या काय म्हणाल्या, पैसे किती गेले तो आकडा पण. वाण म्हणून प्रत्येकीला एक छोटी वही दिली, पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरात १९३० लिहिलेलं. लगेच कुणी काही बोललं नाही, तिळगूळ वाटून झाला, बायका निघाल्या. शेवटी बायको चप्पल घालत होती तर मागच्या गल्लीतली एक बाई मुद्दाम मागं राहिली, काकूंजवळ जाऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, मला पण आला होता तसला फोन. दिवाळीत. मी घरात अजून सांगितलं नाही."

काकूंनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि आधी तिचा फोन मागून घेतला.